फुंकरही न सोसणारा हात

सकाळी ८.४५

ओपीडी सुरू व्हायच्या आधी कपाटातून माझं सामान काढून ठेवते: कापूस, मोजपट्टी, उभा आरसा, हातांच्या फोटोंचा गठ्ठा. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीत गर्दी असते ती गुडघे, कंबर आणि पक्षाघाताची. पण हाड जुळून आलंय आणि दुखणं मात्र वाढतच चाललंय, अशीही माणसं येतात. त्यांना निवांत वेळ द्यावा लागतो, म्हणून त्यांचा नंबर मी सगळ्यांत आधी लावते.

९.००

मावशी पंख्याखालची खुर्ची सोडून भिंतीकडे जाऊन बसल्या. बाथरूममध्ये पाय घसरून डावं मनगट मोडलं होतं. आता प्लास्टर निघालंय आणि एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसतंय. हात पदराआड आहे, पण पदर हाताला टेकू नये म्हणून उजव्या हाताने तो वर उचलून धरलाय.

"मॅडम, पंख्याचा वारासुद्धा झोंबतो हो."

"आई आधीपासूनच जरा हळवी आहे," मुलगा मध्येच म्हणाला.

मी दोन्ही पंजे शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. डावा गरम आणि लालसर जांभळा, तळव्याला घाम. बोटांवरची कातडी ताणून चकाकत होती, नखंही उजव्या हातापेक्षा वाढलेली. कापसाचा बोळा मनगटाला नुसता टेकवला तर मावशींचा खांदा कानापर्यंत गेला. "हा रंग, हा घाम कुणाला मुद्दाम आणता येईल का?" असं मी मुलाला विचारलं. तो वाकून हात बघत राहिला. घरच्यांनी एकदा नीट बघितलं की माझं निम्मं काम होतं. माझ्या मते या आजारात पहिलं औषध म्हणजे विश्वास, आणि तेच सगळ्यांत उशिरा मिळतं.

याला कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम म्हणतात, दवाखान्यातल्या बोलण्यात सीआरपीएस. रक्ताची कुठलीही तपासणी किंवा कुठलाही स्कॅन एकट्याने याचा निकाल देत नाही. 2003 साली बुडापेस्टला जमलेल्या तज्ज्ञांनी जे निकष मांडले, त्यांवरच आम्ही चालतो. दुखापतीच्या मानाने वेदना फार जास्त हवी. पुढे लक्षणांचे चार गट: स्पर्श, रंग आणि तापमान, घाम आणि सूज, आणि चौथ्यात हालचाल, नखं, केस, कातडी. निदान तीन गटांतली तक्रार रुग्णाने सांगायला हवी, निदान दोन गटांतली खूण आम्हाला तपासताना दिसायला हवी, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने हे सगळं उलगडत नसावं. मावशींचं चारही गटांत बसलं. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर हे बरंच दिसतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त.

"मग आत अजून काही मोडलंय का?" मावशींनी विचारलं.

नाही. जखम भरली, पण दाह शमला नाही. मज्जासंस्था इतकी हळवी झालीय की साध्या स्पर्शाचीही ती कळ करते. हात पोटाशी धरून ठेवला की मेंदूतला त्या हाताचा नकाशाही बिघडत जातो. ते दाखवायलाच तो फोटोंचा गठ्ठा आहे. फोटोतला हात डावा की उजवा, एवढंच पटकन सांगायचं. उजवे हात मावशींनी भराभर ओळखले. डाव्याला मात्र दरवेळी अडखळल्या, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं.

घरचा अभ्यास म्हणून रोज थोडा थोडा वेळ, पण अनेकदा, हाताला कापूस, मग जुन्या सुती साडीचा तुकडा, सोसायला लागलं की टॉवेल. बर्फ नको, आणि कुणाकडून रगडून मालीशही नको.

१०.३०

आरसा काढला तो दुसऱ्या बाईंसाठी, फोटोंचा टप्पा पार केलेल्या. दुखरा हात आरशामागे, चांगला हात पुढे. चांगली मूठ उघडली की आरशात दुखरी मूठ उघडताना दिसते. ओळखणं, मनातल्या मनात हलवणं आणि मग आरसा, हा क्रम लोरिमर मोझली यांनी 2004 मध्ये मनगट मोडलेल्या अशाच रुग्णांवर तपासला होता. आज बाईंची तर्जनी आरशामागेही हलली. त्यांना ते कळलं नाही, मी सांगितलं.

१२.००

कारखान्यातला तरुण. पावलावर लोखंडी पट्टी पडून नस दुखावलीय, म्हणजे हा सीआरपीएसचा दुसरा प्रकार. पायावर ओला टॉवेल ठेवूनच येतो, कोरडं कापड सोसत नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांबद्दल वीअर मिचेल या डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलंय: हातापायांवर सतत ओली फडकी, बुटात ओतलेलं पाणी. कामावर याला नाटकी ठरवलंय. मिचेलचे सैनिक मी त्याला सांगितले तेव्हा कितीतरी वेळाने तो मोकळं बोलला. कामाच्या ठिकाणी द्यायचं पत्र मी त्याच्यासमोरच लिहिलं.

दुपारी २.००

भूलतज्ज्ञांकडे एका रुग्णाच्या मानेत इंजेक्शन: स्टेलेट गँगलियन ब्लॉक. थोड्या वेळात हात ऊबदार झाला आणि त्या बाजूची पापणी खाली आली. नवऱ्याचा चेहरा पडला. पापणी काही तासांत वर येते, औषध जागी पोचल्याची ती खूण आहे, हे त्याला आधीच सांगायला हवं होतं. इंजेक्शनने आजार जात नाही, थोडी उसंत मिळते. ती वाया जाऊ नये म्हणून मी तिथूनच त्यांना व्यायामाला घेऊन गेले.

४.३०

मोजमापं वहीत चढवली. बऱ्याच जणांचा त्रास पहिल्या वर्षात उतरतो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो. कोण कुठल्या बाजूला जाईल ते आज सांगता येत नाही, पण लवकर आलेल्यांचं काम सोपं असतं. म्हणून घरी जाण्याआधी अस्थिरोग विभागातल्या सरांना भेटले. प्लास्टर रूमच्या दारावर उद्यापासून मोठ्या अक्षरांत कागद लावायचं ठरलं: प्लास्टरमध्येही बोटं हलवत राहा. प्लास्टर घट्ट वाटलं, आग होऊ लागली, तर दिलेल्या तारखेची वाट न बघता लगेच या.