देवाचे गुण आणि योनाचा राग

ईश्वराचें स्वरूप कसें आहे, हा प्रश्न बायबलांत तर्कशास्त्राच्या रीतीनें क्वचितच सोडविलेला आढळतो. तेथें बहुधा एखादा प्रसंग सांगितलेला असतो व त्यांतून ईश्वराचे गुण प्रकट होतात. 'निर्गम' नामक ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायांतील प्रसंग असाच आहे. लोकांनीं सोन्याचें वासरूं करून त्याची पूजा केली. त्या अपराधानंतर मोशे पुन्हां सीनाय पर्वतावर चढला, तेव्हां परमेश्वरानें आपले गुण स्वमुखें सांगितले. तो दयाळू आहे, मंदक्रोध आहे, क्षमाशील आहे. मात्र अपराधाला तो अपराधच म्हणतो.

या शब्दांची मूळ इब्री भाषेंतील घडण पाहण्यासारखी आहे. 'दयाळू' या अर्थाचा शब्द आणि गर्भाशयाचा वाचक शब्द यांचें मूळ एकच. म्हणजे ही दया आईच्या पोटांतील माया होय. विठ्ठलास 'माउली' म्हणणाऱ्या मराठी माणसास हें नातें उकलून सांगावयास नको. 'मंदक्रोध' याचा इब्रींतील अक्षरशः अर्थ 'लांब नाकाचा' असा आहे. कारण त्या भाषेंत नाक व क्रोध यांना एकच शब्द आहे.

ही गुणावलि पुढें स्तोत्रसंहितेंत व इतरत्र स्तुति म्हणून वारंवार येते. एके ठिकाणीं मात्र ती तक्रार म्हणून येते. तें ठिकाण म्हणजे योनाचें चार अध्यायांचें लहानसें पुस्तक.

निनवे हें अश्शूरांचें महानगर. त्याचे अवशेष इराकमधील मोसल शहराजवळ आहेत. इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरांनीं शोमरोन घेऊन इस्राएलाचें उत्तरेकडील राज्य बुडविलें. त्यामुळें यहुदी मनास निनवे हें नांव जुलमाचाच पर्याय झालें. त्या नगरास इशारा देण्याची आज्ञा होतांच योना उलट दिशेच्या गलबतांत बसला. पुढचें वादळ व मोठा मासा सर्वांच्या ध्यानांत राहतात. पण कथेचें मर्म शेवटच्या अध्यायांत आहे. निनवेकरांनीं जुलूम सोडून पश्चात्ताप केला, देवानें शिक्षा टाळली आणि योना संतापला. देव दयाळू व मंदक्रोध आहे हें ठाऊक होतें म्हणूनच आपण पळालों, असें तो स्पष्ट सांगतो. सिद्धान्त त्याला मुखोद्गत होता. तो शत्रूस लागू पडावा, एवढेंच त्याला नको होतें.

योनाची बाजू अगदींच पोकळ नाहीं. ज्यांनीं जुलूम सोसला, त्यांना क्षमेचा उपदेश करणें सोपें नसतें. म्हणूनच देव त्याला झिडकारीत नाहीं. सावलीसाठीं एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशीं कीड लागून तो सुकतो, आणि योना हळहळतो. तेव्हां देव त्याला विचारतो, कीं जो वेल त्यानें लावलाहि नाहीं त्याची त्याला कींव यावी, आणि १,२०,००० हून अधिक अजाण माणसें व कित्येक गुरें असलेल्या नगराची देवाला येऊं नये काय? येथेंच, उत्तराविना, पुस्तक संपतें.

मग न्यायाचें काय? नहूम संदेष्ट्याचें पुस्तक त्याच निनवेविषयीं आहे. त्याच्याहि आरंभीं ईश्वरास मंदक्रोधच म्हटलें आहे. परंतु भर आहे तो अपराधाच्या जाबावर. इ. स. पूर्वी ६१२ मध्यें निनवे पडलें. एकाच नगरासंबंधीं त्या गुणावलीचीं दोन्ही अंगें अशीं दृष्टीस पडतात. दया म्हणजे डोळेझाक नव्हे आणि न्याय म्हणजे सूड नव्हे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत येशूनें उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली आहे. तींतहि वडील भाऊ रागानें दाराबाहेर उभा राहतो व बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो घरांत गेला कीं नाहीं, हें सांगितलेलें नाहीं. देवाचे गुण पाठ म्हणतां येणें निराळें आणि नकोशा वाटणाऱ्या मनुष्यावर त्यांचा वर्षाव झालेला सोसणें निराळें. योना आणि वडील भाऊ यांची खरी परीक्षा याच ठिकाणीं होते. आणि उत्तर वाचकावर सोंपविलेलें असल्यामुळें त्याचीहि.