जळके ऑइल आणि अंगणाची फरशी

शंभर सीसीच्या मोटारसायकलीच्या इंजिनात ऑइल असते ते जेमतेम 1 लिटर. परंतु तेवढ्याच द्रवाने अंगणाच्या फरशीवर जो काळाकुट्ट अंमल बसवावा, तो पुढे कित्येक पावसाळे उठत नाही, हा अनुभव ज्यांनी घरच्या घरी ऑइल बदलण्याचा उपद्व्याप केला आहे त्यांना नव्याने सांगावयास नको. वास्तविक या सांडलवंडीचे मूळ हातांच्या अकौशल्यापेक्षा धारेच्या स्वभावात आहे. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून ऑइल कोमट व पातळ करून घेतले, आणि तळाचा नट काढला, की प्रथम धार कमानीसारखी दूर उडते आणि पातळी उतरताच मागे सरकत सरळ खाली गळू लागते. म्हणून आडवा कापलेला 5 लिटरचा कॅन, खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून, आधी किंचित पुढे ठेवावा व मागाहून मागे ओढावा. शेवटचे आटे सुटेपर्यंत नट बोटांनी आत दाबून धरावा, आणि मग एकदम बाजूला घ्यावा. वरचे झाकण तोवर बंदच असावे, कारण ते उघडताच हवा शिरून धारेला जोर चढतो. नट परत बसविताना वॉशर नवा घालावा; पान्यावर पैलवानी मात्र करू नये, ॲल्युमिनियमचे आटे फार नाजूक. नवे ऑइल नरसाळ्यानेच ओतावे.

जळके ऑइल वाळवीसाठी लाकडांना फासण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे, तीही विहिरीजवळ इष्ट नव्हे. गटारात तर ते मुळीच सोडू नये, बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात जमा करावे.