गाडीच्या पोटाखालची हवा

वेगात वळणाऱ्या स्पोर्ट्‌स कारला रस्त्याशी दाबून धरण्यात मागच्या पंखाइतकाच, पुष्कळदा त्याहून जास्त, वाटा तिच्या तळाचा असतो. तळ आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून जाताना हवा वेग घेते आणि वेग वाढला की तिचा दाब घटतो. गाडीच्या वरचा दाब त्या मानाने जास्त राहतो आणि गाडी खाली ओढली जाते. हाच ग्राउंड इफेक्ट. मागच्या बाजूला तळ हळूहळू वर चढत जातो. या भागाला डिफ्यूजर म्हणतात. तिथे हवा पसरते, मंदावते आणि तिचा दाब पूर्ववत होतो. चढ फार तीव्र ठेवला तर प्रवाह पृष्ठभाग सोडतो आणि सगळा परिणाम ढासळतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ साधारण चौपट होते. शिवाय पंखाच्या मानाने हवेचा अडथळा बराच कमी पडतो.

फॉर्म्युला वनमध्ये लोटस संघाच्या कॉलिन चॅपमन यांच्या चमूने 1977 च्या ‘लोटस 78’मध्ये बाजूच्या भागांना आतून उलट्या विमानपंखाचा आकार दिला आणि कडेने झालरी लावून फट बंद केली. पुढच्याच वर्षी ‘लोटस 79’ घेऊन मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. 1978 मध्येच गॉर्डन मरे यांनी ब्रॅबहॅम संघाच्या गाडीच्या मागे चक्क पंखा बसवून तळाखालची हवा उपसली. पंखा इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे, असे अधिकृत स्पष्टीकरण होते! तिच्यातून निकी लाउडाने स्वीडनची शर्यत जिंकली आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत दिसली नाही.

ग्राउंड इफेक्टचा खरा दोष म्हणजे त्याचा लहरीपणा. जमिनीपासूनची उंची जरा बदलली की दाब बदलतो. झालर फाटली तर वळणाच्या मध्येच पकड जाते. म्हणूनच फॉर्म्युला वनने 1983 पासून सपाट तळ सक्तीचा केला. 2022 मध्ये तळाखालचे हवेला वाट देणारे बोगदे परतले, तेव्हा गाड्या सरळ रस्त्यावरही वरखाली उसळू लागल्या.

रोजच्या रस्त्यावर खड्डे आणि गतिरोधक असल्याने झालरी शक्यच नसतात. तरी ‘फेरारी 360 मोडेना’ने सपाट तळ आणि मागचे बोगदे यांवर भर देऊन मोठा पंख टाळला. मरे यांच्याच ‘टी.50’ या गाडीत 400 मिलिमीटरचा पंखा डिफ्यूजरवरची मंद हवा ओढून घेतो.

हौसेने गाडी सजवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: तळ उघडाबोडका असेल, तर बंपरखाली चिकटवलेला प्लॅस्टिकचा डिफ्यूजर शोभेपलीकडे फारसे काही करत नाही.