धान्यातील ओलावा व काचेचा तंतू : प्रकाशाने घेतलेला पाण्याचा माग

खळ्यावरचे धान्य पुरते वाळले किंवा नाही हे पाहण्यासाठी दाणा दातांखाली धरून फोडण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. कट् असा आवाज झाला की दाणा वाळला. मऊ लागला तर ओल शिल्लक आहे. घरच्या कणगीपुरता हा निवाडा चांगलाच होता. परंतु आधारभूत किमतीच्या खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा सामान्यतः शेकडा १२ धरली जाते. (सन २०२४च्या खरीप हंगामात केंद्र शासनाने ती १५पर्यंत शिथिल केली होती.) १२ आणि १४ यांमधील भेद दातांना कळत नाही, आणि शेतकऱ्याचा माल स्वीकारला जाणे वा परत जाणे याच भेदावर अवलंबून असते.

हा भेद प्रकाशाच्या साहाय्याने ओळखता येतो. सूर्यकिरण लोलकातून नेला असता त्याचे सात रंग पसरतात, यास वर्णपट म्हणतात. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने इ. स. १८०० मध्ये या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते तेथेही, पारा चढत असल्याचे त्यास आढळून आले. हाच अवरक्त प्रकाश होय. तो मोजण्याचे माप नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग. आपणांस साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापुढचा दिसत नाही.

प्रत्येक पदार्थ प्रकाशातील ठराविक भाग शोषून घेतो. पाण्याच्या कणात ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा जो बंध असतो, तो अवरक्त प्रकाशातील १,४५० व १,९४० नॅनोमीटरच्या आसपासचा भाग विशेष शोषतो. दाण्यावर असा प्रकाश टाकावा, परत आलेला किंवा आरपार गेलेला प्रकाश मोजावा. जितका प्रकाश नाहीसा झाला, तितके पाणी अधिक. अमेरिकेच्या कृषिखात्यातील कार्ल नॉरिस या अभियंत्याने मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे गेल्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत या तत्त्वावर धान्यपरीक्षेचा पाया घातला. दाणा न दळता, कोणतेही रसायन न वापरता, अल्पावधीत ओलावा कळू लागला. पुढे प्रथिने व तेल यांचे प्रमाणही याच रीतीने काढता येऊ लागले.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. बाजारात हातात धरून वापरतात ते लहान ओलावामापक बहुधा प्रकाशावर नव्हे, तर दाण्याच्या विद्युत्‌गुणांवर चालते. तथापि दोन्ही प्रकारांस एक नियम सारखाच लागू आहे. यंत्राला पाणी प्रत्यक्ष दिसत नाही. भट्टीत वाळवून ज्यांचा ओलावा आधीच काढलेला आहे अशा नमुन्यांशी तुलना करून ते आकडा सांगते. गव्हासाठी बसविलेले प्रमाण सोयाबीनला लावले तर आकडा खोटा येणारच. म्हणून यंत्रावर कोणते पीक निवडले आहे हे शेतकऱ्याने निःसंकोच विचारावे. नमुना पोत्याच्या केवळ तोंडाशी न घेता मध्यातून व तळातूनही घ्यावयास लावावा आणि दोन-तीन वेळा मोजून सरासरी धरावी.

ग्रामसेवकांनी पुढील हिशेब सभेत फळ्यावर मांडून दाखवावा. १५ टक्के ओलाव्याच्या एक क्विंटल सोयाबीनमध्ये १५ किलो पाणी व ८५ किलो कोरडा माल असतो. तो १२ टक्क्यांपर्यंत वाळविला तर वजन सुमारे ९६.६ किलो भरते, म्हणजे घट साडेतीन किलोंहूनही किंचित कमी. ओलाव्याच्या नावाखाली याहून अधिक कडता कापला जात असेल तर त्याचे कारण विचारण्याचा शेतकऱ्यास हक्क आहे.

धान्य तपासणारास जे पाणी उपयोगी पडते, तेच दुसऱ्या एका कारागिराच्या वाटेतील धोंड होते. आज दूरध्वनी व इंटरनेटचे संदेश प्रकाशतंतूतून जातात. हा तंतू अतिशुद्ध काचेचा, केसाहून किंचित जाड असतो. आतील गाभ्यावर थोडी निराळी काच असल्यामुळे तिरपा पडलेला किरण पुनःपुन्हा आत परतून पुढे सरकतो. पाटातील पाणी बांधामुळे पाटातच राहते, तसेच हे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत लंडन येथे अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखविले. त्यांचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरावर विरून जाई. दोष तंतूच्या कल्पनेचा नसून काचेतील मळाचा आहे, असे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये प्रतिपादिले. एका किलोमीटरनंतर शंभरांश प्रकाश उरला तरी काम भागेल, असा त्यांचा हिशेब होता. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कारखान्याने ती मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक असतो.

धातूंचा मळ काढल्यावरही काचेत पाण्याचा अंश चिकटून राही. दशलक्ष भागांत एक भाग, इतका तो असला तरी १,३८३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळून टाकी. म्हणून काच घडविताना तीवरून क्लोरीन वायू सोडून ती वाळवू लागले, आणि संदेशांसाठी मुख्यतः १,३१० व १,५५० हे त्या शोषणाच्या अलीकडचे-पलीकडचे भाग निवडण्यात आले.

ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. शेतमालाचे भाव व तपासणीचे निकाल आता अशाच वाहिन्यांवरून बाजारोबाजारी जातात. पाइपलाइनचा चर खणताना ही वाहिनी तुटण्याचे प्रसंग वारंवार येतात. काही वेळा ती तांब्याच्या आशेने मुद्दाम कापली जाते. तीत तांबे नसते, काच असते, आणि त्या काचेला भंगाराचा भाव मिळत नाही. खणण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. वाहिनी तुटलीच तर उघड्या टोकात डोकावू नये, कारण आतील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास इजा करू शकतो. बोटेही लावू नयेत. काचेची बारीक कुसळे कातडीत रुततात. चरात पाणी सोडणे तेवढे थांबवावे आणि तुटल्याची वर्दी लगेच द्यावी, कारण वाहिनीत शिरलेले पाणी काचेला हळूहळू कमकुवत करते.