मनगटाची बंधफळी

बाहूतील तंत्रिकांना (मज्जांना) इजा होऊन मनगट वा बोटे हलविणारे स्नायू लुळे पडल्यास हात योग्य स्थितीत धरून ठेवणारे साधन. ‘स्प्लिंट’ या नावानेही ते परिचित आहे. बंधफळीमुळे तंत्रिका बरी होत नाही. तंत्रिका पुन्हा कार्यक्षम होईपर्यंत सांधे, स्नायू व कंडरा सुस्थितीत राखणे आणि मधल्या काळात हात वापरता येईल असे करणे, एवढाच तिचा उद्देश असतो.

कारणे व लक्षणे : मनगट व बोटे वर उचलणाऱ्या प्रसारक स्नायूंना रेडियल या नावाने ओळखली जाणारी बहिःप्रकोष्ठ तंत्रिका चेतना पुरविते. ही तंत्रिका दंडाच्या हाडाच्या मागील बाजूने, हाडाला लगटून तिरकस खाली येते. त्यामुळे या हाडाच्या दांड्याचा भंग झालेल्या सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांत तिला इजा झालेली आढळते. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून, विशेषतः मद्याच्या अमलाखाली, गाढ झोपल्याने किंवा काखेतील कुबडीच्या सततच्या दाबानेही ती दुखावते. इजेनंतर मनगट खाली लोंबते, बोटे मुळाशी सरळ करता येत नाहीत व अंगठा बाहेर नेता येत नाही.

मूठ आवळणारे स्नायू यात शाबूत असतात. तरीही पकड दुबळी होते. या स्नायूंच्या कंडरा मनगटावरून बोटांत जातात. मनगट खाली वाकलेले असता स्नायू आधीच आखूड झालेले असतात आणि त्यांना जोर लावता येत नाही. मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न केल्यास निरोगी व्यक्तीसही याचा प्रत्यय येतो. म्हणून बंधफळीत मनगट सामान्यतः २० ते ३० अंश वर उचललेले ठेवतात. त्यामुळे पकड लगेच सुधारते, लुळे स्नायू ताणले जात नाहीत व विरुद्ध बाजूचे स्नायू कायमचे आखूड होत नाहीत.

प्रकार : (१) स्थिर बंधफळी : ही प्रकोष्ठाच्या (कोपर ते मनगट या भागाच्या) सुमारे दोनतृतीयांश लांबीपासून तळहातापर्यंत असते. तळहातावरील दूरच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच ती संपली पाहिजे. अन्यथा बोटे मुळाशी पूर्ण वाकत नाहीत. अंगठ्याचा उंचवटाही मोकळा ठेवतात. (२) गतिक बंधफळी : हिच्यात बोटांभोवतीच्या पट्ट्या रबरी दोऱ्यांनी वा तारांनी वर ओढलेल्या असतात. रुग्ण स्वतः बोटे मिटतो व सैल सोडताच ती उघडतात. कामकाजासाठी ही अधिक उपयुक्त असून रात्री साधी स्थिर बंधफळी पुरते. पूर्वी प्लॅस्टर, धातू व चामडे वापरीत. आता गरम पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिक हातावरच घडवितात.

कालावधी व काळजी : तुटलेले तंत्रिका तंतू दिवसाला सुमारे १ मिमी. या वेगाने वाढतात. दंडाच्या मध्यावर झालेल्या अशा इजेनंतर मनगटाचे स्नायू हलू लागण्यास कित्येक महिने लागतात. नुसत्या दाबाने बंद पडलेली तंत्रिका काही आठवड्यांतच सुधारू शकते. त्वचा न फाटलेल्या अस्थिभंगात बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. या प्रतीक्षेच्या काळात दुर्लक्ष झाले, तर तंत्रिका परतते तेव्हा सांधे ताठरलेले असतात व तिचा लाभ मिळत नाही. बंधफळी अखंड बांधून ठेवल्यानेही हाच अनर्थ ओढवतो. म्हणून दिवसातून अनेक वेळा ती काढून प्रत्येक सांधा दुसऱ्या हाताने पूर्णपणे हलविणे आवश्यक असते. मनगटाच्या करंगळीकडील उंचवट्यावर लाली राहिल्यास बंधफळी सुधारून घ्यावी. बधिर त्वचेवर व्रण होत असताना वेदना जाणवत नाही, हे विसरू नये.

इतर तंत्रिका : अंतःप्रकोष्ठ तंत्रिकेच्या इजेत करंगळी व अनामिका नख्याप्रमाणे वाकतात, तेथे बोटांची मुळे मागे जाऊ न देणारी लहान बंधफळी लागते. महारोगातही ही विकृती आढळते. मध्य तंत्रिकेच्या इजेत अंगठा तळहातासमोर आणणारा आधार देतात. कोपराखाली बहिःप्रकोष्ठ तंत्रिकेची केवळ खोल शाखा दुखावल्यास मनगट उचलता येते, पण बोटे उचलता येत नाहीत. अशा वेळी निव्वळ मनगटाचा आधार अपुरा पडतो.

अपेक्षित काळात सुधारणा न दिसल्यास तंत्रिकेची विद्युत् चाचणी व शस्त्रक्रियेचा विचार करतात. सुमारे १२ ते १८ महिने चेतनाहीन राहिलेला स्नायू पुन्हा कार्यक्षम होणे कठीण असते. तेव्हा शाबूत स्नायूची कंडरा मनगटाच्या प्रसारक कंडरेस जोडतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांनी या शस्त्रक्रियेस चालना दिली. तिचे यशही सांधे लवचिक राहिले असतील, तरच मिळते.