फ्रिजमधली कणीक विष नाही, ओट्यावरचा भात मात्र सांभाळा

रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलेली कणीक सकाळपर्यंत विष होते, हे इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की अनेक घरांत ते आता शास्त्र म्हणूनच मानलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर हा निरोप पुन्हा पुन्हा नव्याने फिरत असतो. कधी त्यात कणकेत ‘घातक रसायनं’ तयार होतात, कधी तिने कॅन्सर होतो, तर कधी कणकेचा गोळा पिंडासारखा दिसतो म्हणून त्याच्याकडे अतृप्त आत्मे ओढले जातात. रसायनाचं नाव कोणत्याच निरोपात नसतं. तरीही तो पुढे जातो आणि सकाळी दोन डबे भरून साडेसातची लोकल गाठणाऱ्या बाईला बोचतो. आपण मुलांना वाईट खाऊ घालतो आहोत, ही टोचणी तिच्या माथी मारली जाते. म्हणूनच या एका गैरसमजाचा नीट समाचार घ्यायला हवा.

कणकेत नेमकं काय होतं?

पिठात पाणी पडलं की त्यातली विकरं कामाला लागतात. गव्हाच्या कोंड्यातल्या काही घटकांचा हवेशी संयोग होतो आणि कणीक वरून करडी, काळपट दिसू लागते. चिरलेलं सफरचंद किंवा बटाटा काळा पडतो तो याच कारणाने. दिसायला बरं नाही, पण त्यात विषारी काही नाही.

दुसरा बदल म्हणजे आंबणं. पिठात मुळातच थोडे यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. ४ अंश सेल्सियसच्या आसपास त्यांचं काम फार मंदावतं, म्हणून रात्रभरात कणीक फार तर किंचित आंबते. ब्रेड, नान आणि भटुऱ्यांसाठी पीठ मुद्दाम आंबवलं जातं आणि पिझ्झ्याचं पीठ तर चव यावी म्हणून एक-दोन दिवस थंडीत ठेवतात. ते आनंदाने खाणाऱ्या घरात पोळीच्या कणकेवर मात्र बंदी, याला काही आधार नाही.

शिवाय कणीक आपण कच्ची खात नाही. पोळी फुगते ती आतल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे, म्हणजे तिचा आतला भाग शंभर अंशांच्या जवळ पोचलेला असतो. एवढ्या उष्णतेत नेहमीचे जिवाणू टिकत नाहीत.

काळजी घ्यायची ती एवढीच: हात धुऊन कणीक मळा, गोळ्याला तेलाचा हात लावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका. एक रात्र, फार तर चोवीस तास. आंबूस वास आला, तार सुटू लागली किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर टाकून द्या.

‘शास्त्रातच लिहिलंय’ असं म्हणणाऱ्यांसाठी

गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं अन्न तामसी आहारात मोजलं आहे आणि आयुर्वेदही ताज्या अन्नाचा आग्रह धरतो. हे खरं आहे, आणि त्या काळाला धरून शहाणपणाचंही आहे. उष्ण हवेच्या देशात, अन्न थंड ठेवण्याची सोय नसताना, रात्रीचं सकाळी खाऊ नका हाच सर्वांत सुरक्षित सल्ला होता. पण तो ज्या अन्नाबद्दल दिला, ते सामान्य तापमानाला राहिलेलं होतं. ४ अंशांवर ठेवलेल्या अन्नाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्या परंपरेनेही शिळं सरसकट टाकलेलं नाही. श्रावणातल्या शिळा सप्तमीला आदल्या दिवशी रांधलेलंच खातात. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, ताकात कुस्करलेली भाकरी हे सगळं उरलेल्या अन्नातूनच आलं. गोव्यात आटवलेल्या ‘कालच्या कडी’ची चव ताज्या कडीलाही येत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत.

खरा धोका फ्रिजबाहेर आहे

फ्रिजमधल्या कणकेला नाकं मुरडणाऱ्या कितीतरी घरांत रात्रीचा भात कुकरमध्येच, ओट्यावर, झाकून ठेवलेला असतो आणि सकाळी त्याला फोडणी पडते. ही सवय खरोखर धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल निरोप फिरत नाहीत, याचा राग येतो.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजवला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि सेरुलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष १२१ अंशांवर ९० मिनिटं ठेवलं तरी टिकतं, मग कढईतल्या फोडणीने त्याचं काय होणार? असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि दोष मात्र बाहेरच्या वडापावाला दिला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं प्रसिद्ध केली. त्यानुसार ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा आहे. शिजवलेलं अन्न या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवू नये. पोषक वातावरण मिळालं तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करून पाहा: रात्री दहाला एक असेल, तर त्याच वेगाने सकाळी सहापर्यंत दीड कोटीहून जास्त. अमेरिकेचं कृषी खातं तर हवा ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा एकच तास देतं. आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे तेच तापमान.

तेव्हा अन्न ‘कालचं’ आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते किती तास सामान्य तापमानाला होतं, हे विचारा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेला कालचा भात हा सकाळी आठला शिजवून दुपारी तीनपर्यंत ओट्यावर राहिलेल्या ‘ताज्या’ भातापेक्षा सुरक्षित असतो.

‘पण त्यात सत्त्व उरत नाही’

हा पुढचा आक्षेप. डाळीतली प्रथिनं, पालेभाजीतलं लोह, नाचणीतलं कॅल्शियम रात्रभर फ्रिजमध्ये राहून कुठेही जात नाही. कमी होतं ते मुख्यतः क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं, आणि त्यांतला बराच भाग पहिल्यांदा शिजवतानाच गेलेला असतो. ती उणीव लिंबाची फोड, पेरू किंवा काकडी-टोमॅटोची कोशिंबीर भरून काढते. उलट भात आणि बटाटा थंड झाले की त्यांतल्या स्टार्चचा काही भाग सावकाश पचणाऱ्या रूपात बदलतो, जो आतड्यांना उपयोगीच असतो.

थोडक्यात आणखी काही गैरसमज

• गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं तर नासतं: नाही. उथळ भांड्यांत काढा, वाफ जाऊ द्या आणि आत ठेवा. नासतं ते ‘गार होऊ दे’ म्हणत विसरलेलं अन्न.

• वास बरा असेल तर अन्न चांगलं: आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना वास असेलच असं नाही. नाकापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवा.

• प्रेशर कुकरमध्ये जीवनसत्त्वं मरतात: कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, पण वेळ फार कमी लागतो. पाणी फेकून न देता शिजवलेली डाळ-भाजी उघड्या पातेल्यातल्यापेक्षा पोषणात कमी नसते.

• मायक्रोवेव्हमुळे अन्नात किरणं उरतात: त्या लहरी फक्त अन्न तापवतात. बटण बंद झालं की त्या संपतात. अन्न सगळीकडे सारखं तापत नाही, म्हणून मध्ये एकदा ढवळा आणि काचेचं भांडं वापरा.

• फ्रोझन मटार निकस: शेंगा सोलून दाणे वाफवून लगेच गोठवले जातात. चार दिवस बाजारात पडलेल्या मटारांपेक्षा ते बहुधा सरसच असतात.

• चिरलेला कांदा हवेतले जंतू शोषतो: नाही. बंद डब्यात, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस खुशाल ठेवा.

• वीज गेली की फ्रिजमधलं सगळं वाया: दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. भारनियमनात दार उघडून पाहण्याचा मोह टाळा.

मग आठवडा कसा बसवायचा?

रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, रोज दोन-तीन वड्या काढल्या की रस्सा होतो. डाळ दोन दिवसांची एकदम शिजवा, पण फोडणी न घालता, लहान डब्यांत. लागेल तेवढीच काढून उकळी येऊ द्या आणि त्या दिवशीची फोडणी द्या: एकदा लसूण-मिरचीची, एकदा आमसूल-गुळाची. उकडलेले बटाटे आणि मोड आलेली मटकी तयार असली की सकाळची भाजी पंधरा-वीस मिनिटांत होते. शिजवलेलं अन्न तीन दिवसांत संपवा. गरम करताना ते वाफाळलं पाहिजे, नुसतं कोमट नको, आणि एकदा गरम केलेलं पुन्हा आत ठेवू नका. दाराच्या कप्प्यात सगळ्यात कमी थंडावा असतो, म्हणून दूध आणि भाज्या-आमट्या आतल्या फळीवर ठेवा.

डब्याला मात्र वेगळी शिस्त हवी, कारण तो चार-पाच तास दप्तरात राहतो. पोळी आणि कोरडी भाजी उत्तम. उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी, भात आणि रस्सा शाळेच्या डब्यात टाळा. घरात गरोदर स्त्री, तान्हं बाळ किंवा आजारी वृद्ध असतील तर त्यांच्यासाठी ताजं किंवा कडकडीत गरम केलेलंच द्या, कारण लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो.

शेवटी एक आकडा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७. म्हणजे पाच तासांच्या समोर जेमतेम दीड तास. फ्रिजमधल्या कणकेने यातली सकाळची वीस मिनिटं वाचतात आणि ती वाचवण्यात काहीही गैर नाही. ताज्याच कणकेची पोळी कोणाला आवडत असेल तर आवड म्हणून ती मान्य आहे. मात्र आवडीला शास्त्राचं नाव देऊन दुसऱ्याची झोप मोडू नका. ताजीच हवी असेल तर सकाळी लवकर उठून परात पुढे ओढा आणि कणीक स्वतः मळा.