भाकरीचे माहेर

माण-खटावची बाजरी, जत-आटपाडीचा शाळू आणि पाटणच्या डोंगरउतारावरील नाचणी या तिन्ही धान्यांचे माहेर आफ्रिका होय. ज्वारीची लागवड पूर्व सुदानच्या परिसरात सुमारे ५००० वर्षांपूर्वी सुरू झाली. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातली, तर नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. सातारा-सांगलीच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या धान्याची आडत चालविणाऱ्या घरांनाही हे नाते सहसा ठाऊक नसते.

व्यापारानिमित्त तिकडे निघालेल्या मुलाच्या आईला चिंता असते ती ताटाची. केनिया-टांझानियातील ‘उगाली’ निर्धोक आहे. उकळत्या पाण्यात मक्याचे, ज्वारीचे वा नाचणीचे पीठ घोटून घट्ट गोळा केला की झाले. आपल्या उकडीचीच ती थोरली बहीण. सोबतचे कालवण मात्र विचारून घ्यावे.

इथिओपियात प्रश्न अधिक नाजूक होतो. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दर बुधवारी व शुक्रवारी, शिवाय दीर्घ व्रतकाळात, मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य करतात. त्या दिवसांत घरोघरी ‘शिरो’ शिजतो, म्हणजे हरभऱ्याच्या वा तत्सम कडधान्याच्या पिठाचे तिखट पिठलेच! पण त्यात कांदा-लसूण असतो. आणि ज्या ‘इंजेरा’वर तो वाढतात, ती टेफ या बारीक धान्याची जाळीदार पोळी दोन-तीन दिवस आंबवलेल्या पिठाची असते. आंबवलेले न खाणाऱ्याने तेथे स्वतःची चूल मांडावी हे बरे. हिंग-जिऱ्याच्या फोडणीतला शिरो आणि तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, एवढे सूर्यास्तापूर्वी सहज होते.